राग न येणारं गाव

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पर गावाकडून तिखटमीठ लावून कळण्यापरीस माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या आधी.

पाटसजवळचं आमचं गाव. पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम शुगरवाल्यांना तपासायला येणार व्हत्या. काहींच्या अंगात म्हणं आतल्या आत सूज असती, वरून दिसत न्हाई, रक्तात कळती. तिचा आन् माणसाच्या स्वभावाचा काही संबंध हाय का, ते त्यांना बघायचं व्हतं.

मी सोता शुगरवाला, त्यात पडलो पंचायतीचा मेंबर. स्वच्छतेची समिती आली की गाव झाडून-रंगवून कसं उभं करायचं, ह्यात आपला हात कोण धरणार? आता स्वभाव तपासणाऱ्यांना गाव भांडखोर दिसलं तर? इज्जत गेली का न्हाई?

मंग काय! आदल्या दिवशी समदे शुगरवाले पारावर गोळा केले. "राग येतो का? न्हाई! काळजी? न्हाई! झोप? एकदम मस्त!" चांगली तालीम घेतली.

माझी बायको सुमन, ती पण शुगरवाली. लई दिवसांपासून तिची झोपच उडाली व्हती. गोळ्या चालू, पथ्य चालू, तरी शुगर खाली येईना. का, ते बोलायची न्हाई. त्या दिवशी म्हणली, "अवो, मला मॅडमना खरं सांगायचंय."

"गप! मेंबरच्याच घरी रडगाणं?" मी खेकसलो. बिचारी चुलीकडं वळली.

मॅडम शाळेच्या खोलीत बसल्या. पहिला नंबर माझा. राग येतो का? "आजपातुर कधीच न्हाई, मॅडम!"

मागून तुकाआप्पा.

"आजोबा, वय काय तुमचं?"

"राग येत न्हाई!"

"बरं. मुलं किती?"

"काळजी न्हाई!"

समदी खो खो हसायला लागली. माझ्या मस्तकात तिडीक गेली! "ओ आप्पा! इचारतात काय, सांगता काय? काल घसा फोडून शिकवलं ते कुठं गेलं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शिकवलं? आणि तुम्हाला तर राग येतच नाही ना?"

"हा राग न्हाई, मॅडम! हे माझं साधं बोलणं हाय!" असा वरडलो की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मंग सुमनचा नंबर. तिनं माझ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. म्हणली, "ह्यांना जरा बाहेर बसवा. मंग खरं सांगते."

समद्या गावादेखत! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाहेर पायरीवर बसलो. आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं.

"सकाळी उठले की आधी ह्यांचा आवाज कसा हाय ते ऐकते, मॅडम. आन् राती उद्या कशावरनं वरडतील, म्हणून डोळा लागत न्हाई."

लई लाज वाटली. खोटं न्हाई सांगत, मान वर करवंना. तिच्या शुगरला डॉक्टर बदलत बसलो व्हतो मी!

जरा वेळानं ती बाहेर आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पर त्या दिवशी पहिल्यांदा मी हळू आवाजात म्हणलं, "सुमन, दमलीस का गं? बस जरा हितं."

तिचा चेहराच उतरला. पळत आली, माझं कपाळ चाचपलं, आन् आत तोंड करून वरडली,

"मॅडम, लवकर या! आवाज बघा कसा खोल गेलाय, ह्यांची शुगर एकदम उतरली!"