मिलिंदनं परत पाठवलेलं विमान

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत होते. रडू नंतर आलं, आधी रागच आला. सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं. बायको दवाखान्यात चला म्हणाली, तर म्हणे, "पित्त हाय." आकाशातल्या उपग्रहांवर कधी विश्वास न टाकणारा माझा धाकटा भाऊ स्वतःच्या छातीवर मात्र विसंबून राहिला... आता भांडू कुणाशी?

विमानतळावरचं त्याचं काम त्यानंच मला राजेश्वर गावच्या आमच्या अंगणात समजावलं होतं. मी चौथी शिकलेली. "अक्का, ढगात वैमानिकाला धावपट्टी दिसत न्हाई. तू कुठं हायस ते उपग्रह सांगतंय, तसं विमान खाली येतंय. आमचं यंत्र जमिनीत घट्ट रोवलेलं. त्याची जागा आम्हाला पक्की ठाऊक. उपग्रहानं तीच जागा भलतीकडं दाखवली, की आम्ही कळवायचं, ह्याचं ऐकू नका."

"म्हणजे चहाड्या करायची नोकरी," मी म्हटलं.

"व्हय की," म्हणून हसला. घरातही तेच. डाळ शिजली म्हटलं तरी आधी दाणा चेपून बघायचा, मग पानावर बसायचा.

आईची शेवटची घटका जवळ आली तेव्हा आमची मधली बहीण सुजाता बंगळूरहून विमानानं निघाली. आभाळ अगदी खाली उतरलेलं. ती उतरणार त्याच विमानतळावर मिलिंद ड्युटीवर होता. उपग्रहाचं सांगणं चुकायलंय असं यंत्रानं दाखवलं, त्यानं कळवलं, आणि उतरत आलेलं विमान हैदराबादला वळलं. तिथून सुजाता मोटारीनं पोचेपर्यंत आई गेली होती.

"आईचं तोंड बघू दिलं न्हाईस तू मला!" ती दारातच ओरडली.

"सुजे, त्या विमानात तू व्हतीस."

पुढं कळलं, चूक लहानशी होती, थोड्या वेळानं आपोआप नीट झाली. मग मीही चिडले, "उतरू द्यायचं की रे!"

"लहान हाय हे नंतर कळलं, अक्का. तवा न्हाई."

अशा माणसाचं काय करायचं! चुकलं म्हटला असता तर काय बिघडलं असतं? दोघं पुन्हा बोललेच नाहीत. लग्नाकार्यात पंगतीच्या दोन टोकांना बसायचे, आणि मधे वाढत फिरायचे मी.

मिलिंद गेल्यानंतरच्या जलदान विधीला सुजाता आली. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. ती त्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. "अक्का, शेवटी त्यानं माझं नाव काढलं व्हतं का ग?"

व्हय म्हटलं असतं तर तिचा जीव निवला असता. शब्द ओठावर आला होता... पण मी त्याच्याजवळ नव्हते, आणि भावजयही तसं काही बोलली नव्हती.

"मला ठाऊक न्हाई, सुजे."

"तू बी तसलीच!" ती डोळे पुसत चिडली. मग खुंटीवरचा त्याचा ड्युटीचा शर्ट काढून मांडीवर घेतला, घडी घातली, मोडली, परत घातली. जाताना तो आपल्या पिशवीत ठेवला. कुणाला विचारलं नाही.