सुभेदारांचा कोपरा आणि वर चाललेली मोतीडुंगरी

बिल्डरच्या इंजिनिअरने दिलेल्या रिपोर्टचं तिसरं पान मी तीनदा वाचलं. इमारतीचा एक कोपरा स्थिर आहे. बाकी इमारत, फाटक आणि रस्ता आठ महिन्यांत चौदा मिलिमीटर वर आले आहेत. कारण: भूकवचाची नैसर्गिक संथ हालचाल. थोडक्यात, पायाची दुरुस्ती बिल्डर करणार नाही.

तो स्थिर कोपरा तिलक नगरातल्या सुभेदार पवारांचा. साताऱ्याकडचे, निवृत्त. भिंतीतल्या भेगेत बोट जात होतं आणि आतल्या खोलीत पत्नी अंथरुणाला खिळलेली. त्यांना एवढंच विचारायचं होतं, इथं राहायचं की हलायचं?

मी सर्व्हेअर. चोवीस वर्षं उंच्या मोजतोय. भूकवच हळूहळू उचललं जातं हे खरं. पण शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्र उचलला जातो, तोही इतका संथ की आयुष्य सरलं तरी कळू नये. ताट उचललं तर वाट्या बरोबर वर जातात. एक वाटी मागे राहत नाही.

हे मी बिल्डरच्या इंजिनिअरला फोनवर दोनदा सांगितलं, मीटिंगमध्ये तिसऱ्यांदा. त्याचं एकच. "सर, रीडिंग ग़लत नहीं है. धरती उठ रही है."

पवार म्हणाले, "फॉलिनच्या रांगेत एक जवान खाली बसला, तर बाकीची पलटण उंच झाली म्हणत नाहीत, साहेब."

शेवटी त्याचं फील्डबुक, म्हणजे जागेवरच्या मोजणीची वही, मागितलं. ते मिळायला चार दिवस गेले. बेरजा चोख होत्या. एक नोंद मात्र रिपोर्टमधून गाळलेली: जवळच्या मोतीडुंगरी टेकडीच्या पायथ्याचा खडक. त्याच्या हिशोबाने तोही चौदा मिलिमीटर वर आला होता. म्हणजे अख्खी टेकडी, किल्ल्यासकट.

मग पहिली ओळ पाहिली. बेंचमार्क म्हणजे जिची उंची बदलत नाही असं धरून बाकी सगळं मोजतात ती खूण. इंजिनिअरनं ती पवारांच्याच कोपऱ्याच्या जोत्यावर केली होती.

"इथेच का?" मी विचारलं.

"सर, वहाँ छाया थी."

खडक स्थिर धरून तेच आकडे पुन्हा मांडले. रस्ता शून्य. फाटक शून्य. कोपरा चौदा मिलिमीटर खाली. हे पान पुढे ठेवल्यावर बिल्डरच्या मॅनेजरने खोदायला परवानगी दिली. जोत्याखालचा पाइप फुटून माती वाहून गेली होती. पवार दांपत्य दीड महिना मुलीकडे राहिलं. बिल्डरने पाया भरून दिला. नंतर मी तीनदा मोजलं. कोपरा जागचा हललेला नाही.

बेंचमार्क इमारतीपासून लांब घ्यावा. ऊन लागतंच. टोपी घालावी.