ओसरीवर खोललेला ड्रायर

माझी जुळी जन्मली त्या वर्षी श्रावणात झड लागली होती. झडीत मोठ्या सरी येत नाहीत, वाराही नसतो. आभाळ खाली उतरतं आणि दिवसच्या दिवस बारीक भुरभुर चालू राहते. वावरात पाय घालता येत नाही, सरपण पेटत नाही, दोरीवर टाकलेलं लुगडं दुसऱ्या दिवशी हात लावावा तर तसंच ओलं. मी बाळंतपणाला पेडगावला माहेरी आले होते. तयारी एका बाळाची होती आणि आली दोन. आधी मुलगी, तिच्यामागून मुलगा.

घरात जिकडेतिकडे लंगोट झाले. माय जुनी धोतरं, जुनी पातळं फाडफाडून लंगोट करायची. पण ते धुतल्यावर वाळवायचे कुठे? कणगीवर, खुंट्यांवर, बाजेच्या दांड्यांवर सगळीकडे पांढरी फडकी. शेवटी माय बाजेखाली शेगडी ठेवायची आणि वर लंगोट पसरायची. ते कसेबसे वाळायचे, पण त्यांना धुराचा वास लागायचा. अजूनही कुठे दमट कापडाला धुराचा वास आला की ती अंधारी खोली, ओव्याची धुरी आणि कुशीतल्या दोन ऊबदार गाठोड्यांची हालचाल मला जशीच्या तशी आठवते.

मी सोनपेठच्या शाळेत शिकवत होते. त्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाशी मी माझ्या मनाने लग्न केलं होतं. आमच्या घरी शेती, विहीर, बैलं. त्यांच्या घरी मेंढरं. सासरे आणि दीर वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन रानोमाळ असायचे. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे लग्न पटलं नाही. ते लग्नाला आले नाहीत आणि त्यानंतर जावयाशी एक शब्द बोलले नाहीत. मला माहेरी आणलं ते मायने. "पयलं बाळतपण हितंच व्हईल," ती आबांना म्हणाली होती, "मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या." आबा नको म्हणाले नाहीत. आणा असंही म्हणाले नाहीत.

नातवंडांवर मात्र त्यांचा जीव जडला. न्हाऊमाखू झालं की ते मुलीला मांडीवर घेऊन तिच्या तळपायांवर बोट फिरवत बसायचे. पण एसटीतून जावई उतरलेला दिसला की टोपी चढवायची आणि वावराकडे निघायचं. पाव्हणे गेल्याचं कळल्यावरच परत यायचं. ह्यांना ते कळत होतं. माझ्याकडे त्यांनी कधी तक्रार केली नाही.

एकदा मी सहज म्हणून गेले की लंगोट वाळता वाळत नाहीत. पुढच्या खेपेला हे टेम्पोतून उतरले, आणि त्यांच्याबरोबर उतरला कपडे पिळायचा ड्रायर. परभणीत कुण्या साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या बायकोने तो विकायला काढला होता. कमरेएवढा पांढरा डबा, वर झाकण, आत भोकाभोकांचं पातेलं. ओला कपडा आत टाकायचा, झाकण लावायचं, पातेलं जोरात फिरतं आणि पाणी खालच्या नळीतून बाहेर पडतं. घ्यायला गेले तेव्हा साहेबांकडे लाईट नव्हती, म्हणून चालवून बघता आला नव्हता.

आमच्याकडे तेव्हा लाईट होती. गल्लीतल्या चार बाया बघायला आल्या. ह्यांनी लंगोट भरले आणि बटण दाबलं. आधी नुसतं घूं झालं. मग ड्रायर एकदम धडाधडा वाजायला लागला, जागचा हलला आणि उड्या मारत दाराकडे निघाला. बाया ओसरीवरून खाली पळाल्या. आत दोन्ही बाळं दचकून किंचाळली. माय ओरडली, "बंद करा, जावाईबापू, बंद करा आधी!"

गोठ्यातून आबांचा आवाज आला. तो मायला उद्देशून होता.

"गिरणी बसवली का काय घरात?"

हे खजील होऊन वायर गुंडाळत बसले. उद्या परभणीहून मिस्त्री आणतो म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बंद होता.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कधी नामांतर व्हावं म्हणून बंद असायचा, कधी होऊ नये म्हणून. बंद कोणाचाही असो, पहिला दगड एसटीवर पडायचा, म्हणून सगळ्यात आधी एसटी थांबायची. परभणीला जायची सोय नव्हती आणि सोनपेठला परतायचीही नव्हती. ह्यांना सासुरवाडीत अडकून पडावं लागलं. आणि झडीमुळे वावरात गुडघाभर चिखल, त्यामुळे आबांनाही जायला जागा राहिली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एका ओसरीवर आले. आबा बाजेवर सुपारी कातरत होते. हे दुसऱ्या टोकाला खाली बसून ड्रायरचा पाठीमागचा पत्रा खोलायला लागले. मी आतल्या खोलीत मुलाला पाजत होते. दार लोटलेलं होतं, फटीतून सगळं दिसत होतं.

बराच वेळ फक्त अडकित्त्याचा आवाज. मग आबा चुलीकडे तोंड करून मायला म्हणाले, "सुरीनं पेच खोलायलेत. खाच खराब व्हती अशानं."

मायने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मोटारीच्या पेटीत पेचकस हाय," आबा पुन्हा म्हणाले. "द्यावा कोणीतरी."

"तुमीच द्या की. माझे हात पिठात हायेत."

आबा उठले. विहिरीवरच्या मोटारीची हत्यारं ठेवायची लोखंडी पेटी घेऊन आले आणि दोघांच्या बरोबर मधोमध ठेवून पुन्हा बाजेवर जाऊन बसले. ह्यांनी पेचकस घेतला. पत्रा सुटला. आबांची मान आपोआप लांब झाली.

"बेरिंग गेलं असंल," ते छताकडे बघत म्हणाले.

"बेरिंग फिरवून बघितलं," हे ड्रायरकडे बघत म्हणाले. "मऊ फिरायलंय. मोटार खाली तीन स्प्रिंगांवर बसवली हाय. त्यातल्या एकीखालचं रबर झिजून गेलंय. म्हणून फिरताना एका अंगाला कलतंय."

आता आबांना राहवेना. ते येऊन उकिडवे बसले, हात आत घालून मोटार स्वतः फिरवून पाहिली, कान लावला.

"हं. बेरिंग चांगलं हाय."

मी मुलाला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि दाराच्या आणखी जवळ सरकले.

रबराच्या जागी काय घालायचं हा प्रश्न आला. ह्यांच्या पिशवीत प्रवासात पांघरायची काळी घोंगडी होती. तिची एक पट्टी कापून, दुमडून स्प्रिंगखाली घालू, असं म्हणत त्यांनी सुरी उचलली. आबांनी घोंगडीचा कोपरा हातात घेतला. अंगठ्याने चोळून पाहिला.

"लोकर घरची?"

"हो. सूत आईनं कातलंय."

"मंग कापायलात कशाला? चांगली वस्तू हाय." आबांनी हाक मारून मायला सायकलची जुनी ट्यूब शोधायला सांगितली. ती सापडली. हे ट्यूबच्या गोल चकत्या कापू लागले आणि आबा त्या एकीवर एक रचून दाबून बघू लागले. "अजून एक." "बास." "न्हाई, ही पातळ हाय, दुसरी द्या." एवढंच बोलणं. पण ते आता चुलीकडे बघून चाललं नव्हतं.

ड्रायर पुन्हा उभा केला. बटण दाबलं. उड्या थांबल्या होत्या, धडाधडा थांबला होता. पण आतून खडखड खडखड असा नवाच आवाज येऊ लागला. ह्यांचा चेहरा पडला.

"हे दुसरं हाय," आबा म्हणाले. "पयल्या आवाजाखाली दबलं व्हतं. पातेलं काढावं लागंल."

पातेलं काढणं सोपं नव्हतं. मधला नट पाण्याने गंजून बसला होता. एकाने खालून दांडा घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने वरून पाना फिरवायचा. रॉकेल सोडून झालं, पान्यावर हातोडी मारून झाली. दोघंही घामाघूम. आबांनी अंगातला सदरा काढून ठेवला, दोन्ही पायांनी डबा दाबला आणि पान्यावर सगळा भार टाकला. नट हलला, तसा खालचा दांडाही फिरायला लागला.

"धर! घट्ट धर, सोडू नको!" आबा ओरडले.

"धरलंय आबा, फिरवा तुमी!"

नट कुर्रर्र करून सुटला. आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. एकाने पोटच्या पोराला म्हणावं तसं अरेतुरे केलं होतं आणि दुसऱ्याने पहिल्यांदाच आबा म्हटलं होतं. चुलीपुढची माय भाकरी थापायची थांबली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. बाळंतिणीचं मन तसंही जागेवर नसतं.

पातेल्याखाली साचलेल्या गाळात त्या साहेबांच्या घरातल्या वस्तू सापडल्या. सेफ्टी पिना, शर्टाचं बटण, आणि लहान मुलीचा केसांना लावायचा लाल चाप. आबांनी चाप धोतराच्या सोग्याला पुसला. "कुण्या लेकरानं शोधशोध शोधला असंल," म्हणाले आणि तो देवळीत ठेवून दिला.

सगळं पुन्हा बसवून झालं आणि लाईट गेली. आता वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. मायने चहा केला. दोघांच्या हातांना काळं ग्रीस लागलेलं, त्यामुळे कपबश्या नुसत्या बोटांच्या टोकांनी धरलेल्या. बाहेर भुरभुर चालूच होती. आबांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "ह्या झडीत मेंढरांचं कसं करायलेत?"

ह्यांनी कपबशी खाली ठेवली. आपल्या घरच्या मेंढरांबद्दल ह्या माणसाकडून असा प्रश्न येईल, असं त्यांना कधी वाटलं नसावं. मग सांगू लागले. ओल्या जमिनीत मेंढरांच्या खुरांत जखमा होतात, म्हणून सासरे कळप घेऊन मुरमाड माळावर गेलेत. कोकरं रात्री पालाखाली घ्यावी लागतात. लोकर भिजून जड होते, अशक्त मेंढरू बसलं की उठत नाही. आबा मधूनमधून विचारत होते. पाला कोणता घालता, दूध किती निघतं, लांडग्याचा त्रास हाय का. शेतकऱ्याला जनावराची गोष्ट पुरते. मी आतून ऐकत राहिले. मुलगी झोपली होती, मुलगा झोपला होता आणि दोन वर्षं मी ज्या बोलण्याची वाट बघत होते ते खुरांच्या जखमांवरून सुरू झालं होतं.

शेवटी आबा म्हणाले, "माझं वरचं वावर लय दिवसांपास्नं खताला उपाशी हाय. सुगी झाली की तुमच्या वडलांना म्हणावं, मेंढरं हितं बसवा."

आमच्या भागात रिकाम्या वावरात कळप बसवणं म्हणजे वावराला खत आणि मेंढपाळाला चार दिवसांचा आसरा. अशी बोलणी गावोगाव होतात. पण आबांनी ते आमंत्रण कोणाला दिलं होतं, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं. हे "सांगतो" एवढंच म्हणाले.

दुपार कलल्यावर लाईट आली. बटण आबांनीच दाबलं. ड्रायर घूं करून फिरायला लागला, आवाज चढत गेला आणि एका सुरात स्थिर झाला. नळीतून पाणी आलं. मायने आतले लंगोट बाहेर काढून गालाला लावून पाहिले आणि म्हणाली, "बया! नुसते गार हायेत, ओले न्हाईत." बाळं उठली नव्हती. गल्लीतल्या बाया पुन्हा जमल्या. आणि नंतर झड उघडेपर्यंत कोणी ना कोणी पिळायला कपडे घेऊन यायचीच. प्रत्येकीला आबा बजावायचे, "खिसे बघून टाका गं."

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. हे निघाले तेव्हा आबांनी टोपी घातली. मला वाटलं, आता वावराकडे. पण ते ह्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. वाटेत काय बोलले ते मी ह्यांना विचारलं होतं. म्हणाले, "काहीच नाही. बस आल्यावर 'नीट जावा' म्हणाले."

सुगी झाल्यावर सासरे खरंच कळप घेऊन आले. मी तेव्हा सोनपेठला परतले होते, पण त्यासाठी मुद्दाम मुलांना घेऊन पेडगावला गेले. वरच्या वावरात वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागली होती आणि आत मेंढरांची दाटी. दोघं व्याही बांधावर बसून तंबाखू मळत होते. एकाच्या डोक्याला पटका, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी. सासरे लाजाळू, आबा हट्टी. दोघांनाही फार बोलता येत नव्हतं. आबांनी माझ्या मुलीला कडेवर घेतलं होतं आणि नुकतंच जन्मलेलं एक कोकरू दुसऱ्या हातात उचलून तिच्यापुढे धरलं होतं. तिने त्याचा कान मुठीत पकडला आणि काही केल्या सोडेना. कोकरू ओरडायला लागलं. सासरे घाईने सोडवायला उठले, तर आबा त्यांना म्हणाले, "राहू द्या हो व्याही. तिचंच हाय ते."