कपाटातला पेशंट

मी आणि माझी बायको सरू, दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे अवरे, ओल्या वालाचे दाणे, सोलणं. बंगळूरात थंडी पडली, अवरेकायच्या शेंगा बाजारात आल्या की घरोघरी हेच चालतं. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, साल बोटांत राहतं आणि दाणा उडून पातेल्यात पडतो. माझे अर्धे जमिनीवर पडत होते. सरू म्हणाली, "अहो, जन्मभर स्कूटरच्या सीटा शिवल्या आणि एक दाणा धरता येईना?" मी म्हटलं, "सीट उडून जात नाही."

समोर आमची नात तेजू मांडीवर टॅब घेऊन बसलेली. ती डॉक्टरकी शिकते. लेक-जावई सर्जापूर रोडला राहतात, पण तिचं हॉस्पिटल आमच्या शिवाजीनगरच्या घराजवळ, म्हणून ती आमच्याकडे. सकाळी वॉर्डात पेशंट बघायला शिकायचं, घरी येऊन टॅबवर उजळणी. त्यात एक अॅप आहे. खोटा पेशंट. आपण तोंडाने विचारायचं, काय दुखतं, कधीपासून... तो इंग्रजीत उत्तर देतो. मग मार्क.

तेजू म्हणायची, "अज्जी, हा फार शहाण्यासारखं बोलतो. वॉर्डात असं कोणी बोलत नाही. तू हो पेशंट." मग ती अॅपमधली केस सरूला समजावून द्यायची आणि सरू कण्हत-कुंथत नाटक करायची. एकदा तर शेजारची अक्का घाबरून धावत आली होती.

त्या दिवशीची केस पित्ताशयातल्या खड्यांची होती. मी मध्येच खाली नारळ आणायला गेलो. परत आलो तर दोघी हसत होत्या. रात्री सरू नीट जेवली. पहाटे गेली. हार्ट, म्हणाले.

आता पुढचं. मी चौथी शिकलेला माणूस, पण दुकानाला कधी लिंबू-मिरची बांधली नाही. तुमच्या ह्या भुताखेतांच्या ग्रुपवर लोक पांढरी साडी, पैंजण असलं काहीबाही लिहितात, ते वाचून मी म्हणायचो, यांना कामधंदा नाही. तेव्हा माझं वाचून हसायचं तर हसा. मला काही फरक पडत नाही.

सरूचे दिवस झाले तरी तेजू वॉर्डात जाईना. टॅब लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये. कॉलेजने कळवलं होतं, हजेरी कमी पडतेय, अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही.

"का नाही जात?"

"नको वाटतं, अज्जा."

"नको वाटतं म्हणजे? इतकी वर्षं काय टाइमपास केलास?"

एवढं म्हटलं की रडणं सुरू. लेक फोनवर मलाच दटावायची, "अण्णा, तिला स्वल्प वेळ द्या हो." वेळ काय माझ्या खिशात आहे? कॉलेजला सांग म्हटलं.

एका रविवारी तेजू आईकडे गेली. दुपारी जेवून मी आडवा झालो होतो. डोळा लागणार, तेवढ्यात कपाटातून एक बाप्या इंग्रजीत बोलायला लागला. आधी वाटलं शेजारचा टीव्ही. पण एकच वाक्य. मग थांबायचा — कोणीतरी त्याला काही विचारत असल्यासारखा — आणि परत तेच वाक्य. मी उठून कपाटावर दोन थापा मारल्या. "ए, गप की!" गप्प झाला. मी टेकलो, की परत सुरू.

तेजूला फोन लावला. "तुझा पेशंट कपाटात बोंबलतोय. येऊन बंद कर त्याला."

"अज्जा, तो मी बंद करून ठेवलाय. चार्जिंगसुद्धा नाही त्यात."

"मग काय मेलेला बोलतोय?" तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली.

जावई गाडीने तिला घेऊन आला. जिन्यातच दोघांना आवाज ऐकू आला. तेजूने कुलूप काढलं, दार उघडलं, आणि तो गप्प. टॅब साड्यांवर पडलेला, लख्ख उजेड. तिने हातात घेऊन वाचलं आणि तिथेच खाली फरशीवर बसली.

"काय म्हणतोय तो?"

"सॉरी डॉक्टर, मला समजलं नाही. एवढंच. परत परत."

"आणि काय समजलं नाही?"

विचारलेलंही तिथे आपोआप लिहिलं जातं म्हणे. अक्षरं इंग्रजी, पण भाषा आपली. तेजूने वाचून दाखवलं, "जबडा दुखतो का? नीट सांग की." वरपासून खालपर्यंत हेच.

हे बोलणं सरूचं. संसारभर मी ते ऐकलंय. कुठे गेला होता, नीट सांग की. किती खाल्लं, नीट सांग की.

"पण जबडा कुठून आला?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

मग तेजूने सांगितलं. मी नारळाला गेलो तेव्हा सरूने नाटक करता करता जबड्याला हात लावला, म्हणाली, इथंपण ठणकतंय गं. "मी म्हटलं, अज्जी, खड्यांच्या केसमध्ये जबडा नसतो, ओव्हरअॅक्टिंग नको. तर हसली. सरी, बरं बाई, म्हणाली. अज्जा, हार्टमध्ये जबडा दुखतो हे मला पाठ होतं. आदल्याच दिवशी ह्याच टॅबवर केलं होतं... म्हणून ती मला विचारतीय. मी का नाही विचारलं म्हणून."

माझं डोकंच फिरलं. "तुला कशाला विचारेल? तुझा कुठे दुखतोय जबडा? तुझा विचारायचा राहिला तो प्रश्न ती बिचारी त्या पेशंटला विचारत बसलीय, आणि ह्या ठोंब्याला आपली भाषा येत नाही!"

जावई कॉम्प्युटरवाला. म्हणाला, माइक चालू राहिला असेल, जुनं रेकॉर्डिंग असेल. मी म्हटलं, त्या दिवशी हा प्रश्न विचारला कोणी, ते सांग. कोणीच विचारला नव्हता, रडणं त्याचंच तर आहे. मग म्हणाला, झोपेत तुम्ही बडबडला असाल. जबड्याचं मला ठाऊकच नव्हतं, बडबडू कुठून? मग त्याने टॅब चार्जिंगला लावला. तोवर तो विझला होता, आणि बॅटरी पार रिकामी निघाली. "काहीतरी लॉजिक असणार," एवढंच तो आजही म्हणतो. असेल. कोणाला सापडलं तर मला कळवा. माझ्यापाशी नाही, तेजूपाशीही नाही. तो कपाटातला नंतर कधी बोलला नाही.

रात्री तेजू म्हणाली, "उद्यापण मी जाणार नाही. पेशंटसमोर बसले की वाटतं, काहीतरी सुटणार."

सकाळी ती झोपलेली असताना मी धुतलेला शर्ट घातला, ऑटो केली, तिच्या हॉस्पिटलात जाऊन ओपीडीची चिठ्ठी काढली आणि लाइनीत बसून फोन लावला.

"कुठे आहात?"

"तुझ्या ओपीडीत."

"काय होतंय? अज्जा, काय होतंय?"

"ते फोनवर सांगायचं असतं का?"

वेणी न घालता आली. अॅप्रनची बटणं वरखाली. मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "घे हिस्टरी." ती स्टूल ओढून समोर बसली.

"काय त्रास होतोय?"

मी म्हटलं, "आपणहून मी काहीच सांगणार नाही. विचारत जा."

बाहीने डोळे पुसले तिने. डोक्यापासून सुरुवात केली. डोळे, कान, जबडा, छाती, दम. गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मागची लाइन कुरकुरायला लागली. मी वळून म्हटलं, "स्वल्प थांबा. डॉक्टर विचारतायत."