सायवनचा उतार आणि मागचं ओलं चाक

मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात मयूरी टाइप करते. मधे ती आपली शहाणी वाक्यं घुसवते, तेवढी सोडून द्या.

डहाणूच्या किनाऱ्यावर आमचा सुक्या-ओल्या मासळीचा धंदा. माल आमच्या जुन्या फोर-व्हील जीपमधून बाजारात जातो. परवा मयूरीने जीप घासून धुतली आणि म्हणाली, "आजी, आज टोपल्या नाहीत. विवळवेढ्याला देवीला जाऊ, मग सायवनवरून तलासरी. नुसतं फिरायला." टोपलीशिवाय सायवनला मी जन्मात गेले नव्हते. हौस वाटली, आणि भीतीही. मला समुद्राचं काही वाटत नाही, उताराचं वाटतं. होडीला ब्रेक नसतो, पण तिला उतारही लागत नाही.

रानशेतपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे हायवेला कंटेनर अंगावर येतात. तिथे मयूरीने ब्रेक दाबला, तर गाडीने नाक खाली घातलं आणि पार पुढे जाऊन थांबली.

"ब्रेक कमी लागतोय का गं?"

"जुनी आहे. तुझ्यासारखी, थांब म्हटलं की लगेच थांबत नाही."

जत्रा नसली की विवळवेढ्याला दर्शन चटकन होतं. बाहेर आलो तर गाडीच्या मागच्या फळीवर माशा बसलेल्या. पदराने हाकलताना दिसलं, डाव्या मागच्या चाकाच्या आतून ओला ओघळ आलाय. "मासळीचं पाणी," मी म्हटलं. "फळीत मुरलेलं सुटतंय." मयूरीनेही मान डोलावली. आमच्या गाडीखाली नेहमीच काही ना काही ठिबकतं, वाकून कोण बघतंय?

सायवनला चहा घेतला. तिथून पुढे रस्ता एकदम खाली उतरतो. मयूरीने ब्रेक दाबला, पुढची चाकं धरत होती, पण मागून कोणी ढकलत असल्यासारखी गाडी चाललीच होती. तिने हँडब्रेक ओढला, तो सैल दोरीसारखा वर आला. पोरीच्या ओठांवर घाम. शेवटी कडेच्या मातीत चाकं घालून तिने गाडी कशीबशी थांबवली. पाय ब्रेकवर तसाच दाबलेला.

"आजी, उतर. चालत ये खाली."

"तू एकटी जाणार आणि मी मागून काय बघत येऊ?"

"आजी, मस्करी नाही."

"मीही नाही करत."

गाडी हळू चालवायचा जो छोटा दांडा असतो, तो तिने टाकला, पहिला गिअर घातला. इंजिन कण्हत होतं, गाडी गोगलगायीसारखी उतरत होती. समोर शेळ्या रस्ता ओलांडत होत्या आणि मी देवीला नाही, शेळ्यांना हात जोडत होते.

सपाटीला येऊन थांबलो. मयूरीने चाकांजवळ हात नेला. पुढची तव्यासारखी तापलेली, मागची थंडगार. "म्हणजे मागची काम करतच नव्हती," ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. देवळापाशी माशा फळीवर होत्या, चाकाच्या ओघळावर एकही नव्हती. मासळीच्या पाण्याला माशी सोडते होय? बोट लावून हुंगलं. तेल.

जीव मुठीत धरून, हळूहळू तलासरी गाठली. मेकॅनिकने स्टूल पुढे केलं, गुजरातीत म्हणाला, "बा, बेसो," म्हणजे आजी, बसा, आणि मागच्या चाकाचा ड्रम उघडला. "तेल अडवणारं ऑइल सील गेलंय. गिअरचं तेल उतरून ब्रेकचे लायनर चिंब झालेत, ते ड्रमला धरणार कसे? उजवीकडचे झिजलेत, म्हणून हँडब्रेक पोकळ. तुम्हाला वास नाही आला?"

"आमच्या गाडीत बस, तुला तुझ्या साबणाचा वास येणार नाही."

सील आणि दोन्हीकडचे लायनर बदलेपर्यंत आम्ही घरची भाकरी-सुकट खाल्ली. मग त्याने गाडी चढावर नेऊन हँडब्रेक ओढला. हलली नाही. मी तरी चाकामागे दगड लावलाच. तुम्ही त्या रस्त्याला जाणार असाल तर घराजवळच्या चढावर एवढं करून बघा. हँडब्रेक मागचीच चाकं धरतो.

आता जीपमध्ये पुन्हा टोपल्या आहेत, खाली पुन्हा ठिबकतं. मयूरी मला "पुढच्या रविवारी कुठे?" विचारते, मी ऐकू न आल्यासारखं करते. जन्मभर वाळत्या बोंबलांवरच्या माशा हाकलल्या. आता मयूरी निघायच्या आधी मी मागच्या चाकापाशी उकिडवी बसते आणि ओलाव्यावर एक तरी माशी बसायची वाट बघते. बसली, म्हणजे मासळीचंच पाणी. मग मयूरीला म्हणते, "जा गं."