घंटा माझ्या पिशवीत, हाक काकांची

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आम्ही काशीतले मराठी भटजी. पिंडदान करवणाराच भुतांना घाबरला तर झालंच. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटते... पण घडलं ते असं.

मला पौरोहित्य शिकवणारे माझे काका न्यूमोनियाने महिनाभर व्हेंटिलेटरवर होते. शेवटी गळ्याला भोक पाडून नळी बसवली — ट्रॅकिऑस्टॉमी. जीव वाचला, आवाज गेला. घरी सोडताना नर्सने बजावलं, "भैया, कफ सूखकर नली जाम हो जाती है. अकेला मत छोड़िएगा." आतली नळी काढून धुवायलाही शिकवलं. हाक मारता येत नाही म्हणून काकांच्या उशाशी पूजेची घंटा ठेवली.

आता माझा पराक्रम. त्या सकाळी बायको शाळेत शिकवायला गेलेली, आणि सांगलीचे यजमान अहिल्याबाई घाटावर खोळंबलेले. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, म्हणून निघालो — आणि सवयीने उशाजवळची घंटाही पिशवीत टाकली. घरात तेवढी एकच.

घाटावर संकल्प सांगत होतो. तेवढ्यात काकांचा आवाज, आजारापूर्वीचा, खणखणीत — "गाढवा, गोत्र चुकलास. घरी चल."

भास समजून मी पुढे रेटलं असतं. पण यजमान ओंजळीतलं पाणी तसंच धरून म्हणाले, "गुरुजी, कोण रागावलं हो तुमच्यावर?"

पिशवीत हात घातला. हाताला घंटा लागली.

मग मुन्शी घाटामागच्या आमच्या गल्लीपर्यंत जो पळालो... एका हातात सोवळ्याचा सोगा, दुसऱ्यात वाजती घंटा. लोक नमस्कार करून वाट देत होते.

काका निळे पडलेले, हात उशाशी घंटा चाचपतोय. आतली नळी फिरवली, उपसली — डिंकासारखा सुकलेला कफ तिच्यात घट्ट बसलेला. आणि सूं करून श्वास आत गेला. दशाश्वमेधची आरती रोज ऐकतो मी. त्या आवाजाची सर तिला नाही.

डॉक्टर म्हणाले, "नली बंद थी, तो फुसफुसा भी नहीं सकते थे." म्हणजे कुजबुजणंही शक्य नव्हतं.

संध्याकाळी काकांनी खुणेने पाटी मागितली. मला वाटलं, आशीर्वाद लिहितील. लिहिलं: "यजमान कौशिक. तू काश्यप म्हणालास."

यजमानांचं गोत्र काकांना पाठ असणारच, जुनी ओळख. पण मी काय म्हणालो, ते?

पुढे नळी निघाली, आवाज परत आला, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला. काका म्हणाले, "तू चुकला नसतास तर मला कशाला यावं लागलं असतं? चहा टाक."

याहून जास्त खुलासा आजवर मिळालेला नाही. घरात आता घंटा मात्र दोन आहेत.