साध्या लग्नात नवरीची आई कुठे होती

मंडळी, आज आरमोरीजवळच्या एका आश्रमात लग्नाला गेले होते. 'साधं लग्न' म्हणजे काय, ते सांगते. बँड नाही, हॉल नाही, आहेर नाही. अर्ध्या तासात विधी, मग पंगतीत वरण, भात आणि वांग्याची भाजी. हे सगळं मला मनापासून पटतं.

नवरी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील मोहफुलं वेचायला जंगलात गेले आणि वाघाने त्यांना मारलं. आईने लोकांच्या शेतात धानाची रोवणी करून तिला नर्स केलं.

कन्यादानाला काका-काकू पुढे झाले. आई स्वयंपाकघरात होती.

मी आश्रमाच्या व्यवस्थापकांना विचारलं. "आमची मनाई नाई, बाई. घरच्यायनं ठरवावं," ते म्हणाले. नवरदेवाची आत्या म्हणाली, "शुभ कामात अशी बाई समोर कशी चालन?"

"वाघ तिने सोडला होता का?" मी विचारलं.

मग आत जाऊन मी आईचा हात धरला. तिने तो हळूच सोडवला. "राहू द्या, बाई. उद्या पोरीले साधा ताप आला तरी म्हणतीन, माय समोर आली होती म्हणून."

सप्तपदीचे मंत्र तिने चुलीजवळ उभं राहून ऐकले.

माझे पती जाऊन नऊ वर्षं झाली, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. पेन्शनवाली विधवा शुभ कशी ठरते, हे कुणी मला समजावून सांगाल का?